चौदा खुणा आणि तंबाखूची एक चिमूट

तुझा प्रश्न थोडक्यात असा. फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून तू फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) साच्यात मेटल ओतण्याचं सुरक्षा प्रशिक्षण व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात, केलं आहेस. कंट्रोलर नको, नुसत्या हातांनी सगळं चालावं म्हणून चौदा खुणा ठरवल्यास, त्या ओळखणारं मॉडेल स्वतः ट्रेन केलंस आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ते ९६ टक्के अचूक आलं. मग कुपवाडच्या एमआयडीसीत जाऊन कामगारांच्या डोक्यावर हेडसेट चढवला, तर दोन-दोन मिनिटांत लोकांनी तो काढून ठेवला. लॅडल आपोआप कलंडतो, मेनू मधेच येतो, अशा तक्रारी. आता तू विचारतेस की आणखी डेटा गोळा करू का, मॉडेल बदलू का, आणि व्हीआरमधल्या स्टँडर्ड खुणा कुठल्या?

डेटा गोळा करू नकोस. निदान तुझ्या मनात आहे तो तरी नको. मॉडेलही आहे तेच राहू दे. बोलणारा हात ओळखायला ते शिकलंय, पण गप्प बसलेला हात त्याला कुणी दाखवलेलाच नाही.

मी हे काम करायला लागलो तेव्हा हेडसेटमध्ये हँड ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्यानं हातांचा माग काढणं, नसायचं. लीप मोशनची छोटी चपटी डबी २०१३ मध्ये बाजारात आली होती. ती हेडसेटच्या पुढं चिकटपट्टीनं लावायची आणि वायर सांभाळत फिरायचं. २०१९ च्या शेवटी क्वेस्ट या हेडसेटमध्ये हात ओळखायची सोय आली, डबी गेली, वायर गेली. चुका मात्र त्याच राहिल्या, कारण त्या यंत्राच्या नव्हत्याच.

आधी जरा हिशेब करू. हेडसेट सेकंदाला तीस वेळा तरी हात वाचतो, म्हणजे मिनिटाला १,८०० वेळा. शंभरात एकदाच चूक झाली असं धरलं तरी मिनिटाला अठरा चुका होतात. लागोपाठच्या फ्रेममधल्या चुका एकमेकींना चिकटून येतात, त्यामुळं डोळ्यांना त्या अठरा वेगवेगळ्या दिसणार नाहीत, कमी दिसतील. पण ओतकामाच्या प्रशिक्षणात मिनिटाला एक जरी झाली तरी खेळ खलास. आणि तुझे ९६ टक्के कशाचे आहेत? 'आता मूठ कर' असं सांगितल्यावर मैत्रिणींनी केलेल्या मुठींचे. वीस मिनिटांच्या सत्रात माणूस मुद्दाम खुणा करतो त्या सगळ्या मिळून दोन-तीन मिनिटांच्या होतील. बाकी वेळ हात नुसते असतात. त्या वेळेची परीक्षा तू घेतलीच नाहीस. वर मॉडेलला चौदा पर्यायांचा पेपर दिलास आणि त्यात 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्यायच ठेवला नाहीस. मग मांडीवर पडलेल्या हातालाही ते चौदापैकी काहीतरी एक ठरवणारच. त्याला दुसरं करता काय येतं?

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून जरा तपशिलात सांगतो. आमचं फाउंड्रीचं पहिलं काम होतं. पन्नाशी ओलांडलेले एक मामा, निम्मं आयुष्य ओतकामावर गेलेलं. त्यांना खुर्चीवर बसवून हेडसेट लावला. समोर भट्टी, वर क्रेन, आणि कानात सूचना: 'लॅडल जागेवर येईपर्यंत थांबा.' मामा थांबले. थांबलेल्या माणसाचे हात जे करतात ते त्यांच्या हातांनी सुरू केलं. डावा तळवा पोटापाशी, स्वतःकडं वळलेला. उजव्या अंगठ्यानं त्यावर सावकाश मळणं. हातात तंबाखू नव्हती, चुना नव्हता, नुसती सवय. मळून झालं, दोन चापट्या मारल्या, मग उजव्या हाताची चिमूट तळव्यावरून उचलून ओठाकडं.

आमच्या सॉफ्टवेअरनं यात काय वाचलं ते मी संध्याकाळी लॉग उघडून बघितलं. डावा तळवा चेहऱ्याकडं वळला, म्हणजे मेनू उघडा. उजवा हात डाव्यावर आला, त्यामुळं कॅमेऱ्याला डाव्या हाताची बोटं दिसेनात, मग त्यानं अंदाजानं मूठ धरली. मूठ म्हणजे लॅडल कलंडवायचं चाक पकडलं. हात वर उचलला, म्हणजे चाक फिरलं. १४०० अंशांच्या आसपासचं मेटल जमिनीवर सांडलं, स्क्रीन लाल झाली आणि 'अपघात झाला आहे' अशी बाईच्या आवाजातली शांत घोषणा. मामांनी हेडसेट काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आवो, मी काय केलंच न्हाई की!"

त्यांनी खरंच काही केलं नव्हतं.

या दुखण्याला आमच्या धंद्यात जुनं नाव आहे, मिडास टच, हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या गोष्टीतल्या राजावरून. रॉबर्ट जेकब या संशोधकांनी १९९० मध्ये नजरेनं चालणाऱ्या संगणकांबद्दल लिहिताना ते वापरलं होतं: जिथं नजर पडेल तिथं काहीतरी घडायला लागलं, तर माणसाला नुसतं बघायचीही सोय उरत नाही. हातांचं तेच आहे. माउसवर क्लिक असतं, कंट्रोलरला बटण असतं. बटण दाबलं नाही म्हणजे गप्प, हे यंत्राला फुकटात कळतं. नुसत्या हाताला बटण नाही, म्हणून बोलणं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं हे आपल्याला डिझाइनमधून द्यावं लागतं. खुणा कुठल्या घ्यायच्या हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आणि यावरचा तोडगा तुला बघायचा असेल तर सिलिकॉन व्हॅलीत जायला नको, आटपाडी तालुक्यात खरसुंडीला जनावरांच्या बाजारात जा. खिलार बैलांचा सौदा रुमालाखाली कसा होतो ते बघ. दोन माणसं हात हातात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि बोटं दाबून आकडा ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला भाव कळत नाही, त्या पद्धतीचं कारण तेच. पण आपल्या कामाचं त्यात दुसरंच काहीतरी आहे. टॉवेल पडला की बोटं बोलायला लागली, टॉवेल निघाला की बोटं गप्प. टॉवेलाबाहेर तोच माणूस त्याच बोटांनी मिशी कुरवाळू दे, बैलाची पाठ थोपटू दे, कुणी त्याला आकडा समजत नाही. शिवाय दाबलेलं बोट समोरच्याला लागतं, म्हणजे पोचपावती तिथल्या तिथं. व्हीआरमध्ये आपल्याला नेमक्या याच दोन गोष्टी नसतात, टॉवेल आणि पोचपावती.

ॲपलनं २०२४ मध्ये आणलेल्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये टॉवेलाचं काम नजर करते. ज्या बटणाकडं बघतेयस त्यालाच चिमूट लागू होते, त्यामुळं हात मांडीवर ठेवूनही चालतो. तुझ्याकडं नजर वाचणारा हेडसेट नसणार, त्यामुळं टॉवेल दुसरा शोधायचा. माझा आवडता टॉवेल म्हणजे जागा. चाकाभोवती वीतभर अंतराचा एक अदृश्य गोळा धर. हात त्या गोळ्यात शिरला आणि डोकं साधारण चाकाच्या दिशेला असलं तरच मूठ किंवा चिमूट याला अर्थ. हात गोळ्याबाहेर असेल तर तबला वाजव, तंबाखू मळ, सॉफ्टवेअर बघणारच नाही. मामांचे हात पोटापाशी होते आणि चाक हातभर पुढं होतं. एवढी एक अट असती तर तो 'अपघात' झालाच नसता. मॉडेल तेच, अचूकता तीच.

दुसरा टॉवेल म्हणजे हाताचा प्रवास. मूठ आधीच वळलेली असताना हात चाकापाशी आला, तर ती पकड धरू नको. उघडा हात आला आणि तिथं येऊन मिटला, तर धर. हातात काही घेताना माणूस आधी हात उघडतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आता खुणांच्या संख्येकडं येतो. चौदातल्या अकरा काढून टाक. तुझी यादी वाचली तेव्हा मला व्हिवासाठीच्या पाठांतराची वही आठवली: दोन बोटं म्हणजे पुढची पायरी, तीन बोटं म्हणजे मागची, करंगळी म्हणजे मदत. भरतनाट्यमच्या एका हाताच्या मुद्रा अभिनयदर्पणात अठ्ठावीस आहेत आणि मुली त्या बसवायला वर्षं घालवतात, गुरूसमोर, रोज. तुझ्या कामगाराकडं वीस मिनिटं आहेत आणि त्याला मुद्रा शिकायच्याच नाहीत, ओतकाम शिकायचंय. सॉफ्टवेअरच्या खुणा लक्षात ठेवण्यात त्याचं जितकं डोकं खर्च होईल, तितकं सुरक्षेतलं कमी होईल.

इथं एक फरक मनात पक्का कर. हात दोन प्रकारे वापरता येतो. एक, शब्द म्हणून: अमुक आकार केला की तमुक घडलं. दोन, हात म्हणूनच: वस्तू धरली, फिरवली, ढकलली, सोडली. दुसरा प्रकार जिथं जमतो तिथं पहिला वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. लॅडल कलंडवायला तू हवेत उजवीकडं हात ओढण्याची खूण ठेवलीस. का? गिअर असलेल्या लॅडलला कडेला हातचाक असतं, तो माणूस ते रोज फिरवतो. मग चाकच दे की. आणि देताना खऱ्या चाकाची एक गोष्ट विसरू नको. कुणीही ते एका दमात पूर्ण फिरवत नाही. पाव फेरा मारतो, हात सोडतो, वरून परत धरतो, पुन्हा पाव फेरा. त्या सोडण्याच्या क्षणी तुझं चाक आहे तिथंच थांबायला हवं. खऱ्या लॅडलमध्ये वर्म गिअर ते काम करतो, हात सोडला म्हणून लॅडल उलटा फिरत नाही. तुझ्या कोडमध्ये चाक स्प्रिंगसारखं मागं जात होतं असं तू लिहिलंयस. ते बघून जुन्या माणसाचा विश्वास पहिल्या मिनिटात उडाला असणार, खुणांपर्यंत गोष्ट गेलीच नसेल.

या नियमाला तुझ्या प्रोजेक्टात एकच अपवाद आहे, क्रेनवाल्याला करायच्या खुणा. त्या शब्दच आहेत आणि त्याच शिकवायच्या आहेत: तर्जनी वर करून हात गोल फिरवला की माल वर, बोट खाली करून गोल फिरवलं की खाली, हात आडवा पसरून तळवा खाली ठेवून मागंपुढं हलवला की थांब. त्या जशाच्या तशा ठेव, सोयीसाठी आकार बदलू नको. हा माणूस उद्या खऱ्या क्रेनखाली उभा राहणार आहे. तिथंही टॉवेल आहेच बघ. क्रेन ऑपरेटर आपल्याकडं बघतोय याची खात्री करूनच खूण करायची असते. तुझ्या केबिनमधल्या बाहुल्याची मान कामगाराकडं वळली की मगच खुणा वाचायला सुरुवात कर. प्रशिक्षणही खरं होईल आणि चुकाही कमी होतील.

क्रेनच्या खुणा सोडून उरलेल्या तीन म्हणजे चिमूट, मूठ आणि एका बोटानं बटण दाबणं. स्टँडर्ड कुठल्या या प्रश्नाचं उत्तरही जवळपास एवढंच आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१६ च्या होलोलेन्स या हेडसेटमध्ये मेनूसाठी ब्लूम नावाची खूण ठेवली होती. पाची बोटांची टोकं जुळवून तळवा वर करायचा आणि कळी उमलल्यासारखी बोटं उघडायची. दिसायला देखणी. पण नव्या माणसाला दर वेळी शिकवावी लागायची. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्या जागी मनगटावर दिसणारं बटण आलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं दाबायचं. दिसतंय ते दाबायचं, यात शिकवण्यासारखं काही उरलं नाही.

जाता जाता, 'ठीक आहे' म्हणायला तू अंगठा वर करण्याची खूण ठेवलीस. तुझ्या पिढीला मोबाइलनं ती शिकवली. पण मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते घरी आजोबांना विचार. आमच्या एका चाचणीत 'सूचना समजल्या असतील तर अंगठा दाखवा' यावर अख्खी शिफ्ट हसली होती. तसंच कुणाला बोलावण्याचं. आपण तळवा खाली करून बोटं हलवतो, परदेशी नमुन्यांत तळवा वर असतो. तयार डेटासेट उचलताना हे बघून घे.

चिमटीवर जरा थांबू या, कारण तुझं निम्मं काम तीच करणार आहे. सगळ्या कंपन्या फिरून तिच्यावरच का आल्या? तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लागतात, आणि ते लागलेलं माणसाला कळतं. हवेत केलेल्या खुणांपैकी नेमकी पोचपावती देणारी ही, रुमालाखालच्या बोटांची लांबची बहीण म्हण. पण तिचे तीन रोग आहेत.

पहिला, थरथर. बोटांमधलं अंतर ठरावीक आकड्याच्या आत आलं की चिमूट, बाहेर गेलं की सुटली, असं तू एकाच आकड्यावर ठेवलं असशील तर त्या सीमेवर ती सेकंदाला दहा वेळा धरेल आणि सुटेल. तुझ्या कामगाराच्या हातून व्हीआरमधली पळी सतत निसटत होती ती यानेच. पाण्याच्या टाकीचा ऑटो स्विच आठव. खालच्या फ्लोटला मोटर चालू होते आणि वरच्या फ्लोटला बंद, दोन्ही एकाच उंचीवर बसवले तर मोटर जळेल. तसे दोन आकडे ठेव. मी साधारण दीड सेंटिमीटरच्या आत 'धरली' आणि तीन सेंटिमीटरच्या बाहेर 'सुटली' इथून सुरुवात करतो आणि मग समोरच्या माणसांवरून बदलतो. तेही तळव्याच्या रुंदीच्या प्रमाणात घे. फाउंड्रीतल्या माणसाचा पंजा आणि तुझा पंजा यात फरक आहे, आणि त्याची बोटं जाड असल्यामुळं यंत्र हातावर धरतं ते सांध्यांचे बिंदू बोटं टेकल्यावरही लांबच राहतात.

दुसरा रोग: चिमूट धरताना हात हलतो, आणि लांबच्या बटणावर धरलेला रोख त्या हलण्यानं शेजारच्या बटणावर जातो. याला गमतीनं, मोजायला गेलं की मोजायची गोष्टच हलते या अर्थानं, हायझेनबर्ग परिणाम म्हणतात. उपाय सोपा. चिमूट पूर्ण झाली त्या क्षणाचा रोख घेऊ नको, बोटं जवळ यायला लागली त्या क्षणाचा घे. मागच्या दहा-पंधरा फ्रेम साठवून ठेवल्या की झालं. हात स्थिर दिसावा म्हणून सरासरीवर सरासरी मारत बसू नको, त्यानं हात मागून सरकल्यासारखा वाटतो. २०१२ मध्ये आलेला वन युरो फिल्टर वापर. हात सावकाश हलत असेल तर तो जास्त गुळगुळीत करतो, झपकन हलला तर मोकळा सोडतो. कोड पानभराचाही नाही.

तिसरा म्हणजे कॅमेऱ्याची जागा. कॅमेरे कपाळाशी आहेत. हात समोर सरळ लांब केला की बोटं पंजाच्या मागं लपतात आणि चिमूट दिसतच नाही, यंत्र तिचा अंदाज बांधतं. म्हणून जी वस्तू उचलायची ती अशी ठेव की हात तिच्याकडं जरा कडेनं जाईल. एक हात दुसऱ्यावर आणावा लागेल असं काहीही ठेवू नको. तू सुरुवातीला नमस्कार ठेवला आहेस. सुंदर कल्पना, पण दोन तळवे जुळले की ट्रॅकिंग हमखास गोंधळतं. काढ तो.

हात दिसेनासा झाला आणि हात सोडला, या दोन वेगळ्या घटना आहेत. हे मोठ्या अक्षरात लिहून लॅबच्या भिंतीला लाव. तुझ्या कोडमध्ये ट्रॅकिंग गेलं की पकड सुटते. कामगार घाम पुसायला हात वळवतो आणि पळी भट्टीत पडते. हात हरवला तर वस्तू आहे तिथं थांबव, हात फिका कर, पुन्हा दिसला की जोड. सोडणं तेव्हाच मान जेव्हा बोटं उघडताना प्रत्यक्ष दिसली. हरवलेल्या हाताच्या अंदाजावर कलंडवण्यासारखी क्रिया तर कधीच होऊ देऊ नको.

बटणं दाबायची असतात तिथं बोटाला काही लागत नाही, ही खोट राहणारच. ती डोळ्यांनी आणि कानांनी भरून काढ. बोट जवळ येताना बटण उजळू दे, दाबताना आत जाऊ दे, पूर्ण दाबल्यावर 'टक्' वाजू दे. खरा हात पुढं गेला तरी चित्रातला हात बटणाच्या पृष्ठभागावर थांबव. मेंदू यात आश्चर्यकारक फसतो, कशाला तरी टेकल्यासारखं वाटतं. आणि बोट पुढून आलं तरच दाबलं माना. मागून किंवा बाजूनं घुसलेलं बोट म्हणजे जाताजाता लागलेला धक्का.

हात दुखण्याचं तू लिहिलं नाहीस, पण तुझे पॅनल डोळ्यांसमोर छातीच्या वर टांगलेले दिसतात, म्हणून सांगतो. उभ्या टच स्क्रीनच्या काळापासून याला गोरिला आर्म म्हणतात. पाच मिनिटं हात हवेत धरून बघ, स्वतःच. पॅनल बरगड्यांच्या खालच्या उंचीला आण, कोपर अंगाशी राहून मनगट हललं की काम झालं पाहिजे. उंची प्रत्येकाची वेगळी, त्यामुळं सत्र सुरू होताना डोक्याच्या उंचीवरून पॅनल खालीवर कर.

आता एक गोष्ट, जी कुठल्या गाइडलाइनमध्ये मला ठळक छापलेली दिसली नाही. आपल्या भागात प्रेसवर, उसाच्या चरकात बोटं गेलेली माणसं आहेत. एका चाचणीत एका गृहस्थांची उजवी तर्जनी मधल्या पेरापासून नव्हती. हात वाचणाऱ्या प्रणालींपैकी ओपनएक्सआरमध्ये हाताचे सव्वीस बिंदू असतात, मीडियापाइपमध्ये एकवीस, आणि दोन्हींच्या मते हाताला बोटं पाचच. नसलेलं पेर यंत्रानं स्वतःच्या मनानं काढलं. त्या गृहस्थांनी हेडसेटमध्ये आपला उजवा हात वर केला आणि बोट पूर्ण दिसलं. जरा थरथरत होतं, पण होतं. ते बराच वेळ हात उलटापालटा करून बघत राहिले. मी काही बोललो नाही. मग चिमटीची पाळी आली आणि अर्थातच ती होईना, कारण टेकायला तिथं काही नव्हतंच. तेव्हापासून अंगठ्याला कुठलंही बोट टेकलं तरी चिमूट, आणि सगळ्या गोष्टी डाव्या हातानंही, हे मी पहिल्या दिवशीच कोडमध्ये घालतो. सुरक्षा प्रशिक्षणाची गरज ज्याला कुणी समजावून सांगायला नको, त्याच माणसाला आपलं सॉफ्टवेअर बाहेर ठेवणार असेल तर ते कुणासाठी केलं?

बारीकसारीक: कामाचे हातमोजे घालून ट्रॅकिंग भरवशाचं राहत नाही, त्यामुळं चाचणी उघड्या हातांनी घे आणि मोज्यांचा धडा वेगळा शिकव. लांब बाह्या मनगटापर्यंत दुमडायला लाव. शेडच्या पत्र्यातून ऊन येतं तिथं हेडसेट उताणा ठेवू नको. भिंगातून ऊन आत गेलं तर स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. आमचा एक हेडसेट तसाच गेला, मिरजेत, जेवणाच्या सुट्टीत.

राहिला डेटाचा प्रश्न. गोळा करायचाच असेल तर असा कर. आठ-दहा माणसं घे, त्यात कॉलेजची दोनच. हेडसेट लाव आणि त्यांना काहीही करायला सांगू नको. कालच्या मॅचबद्दल बोलू दे. चहा दे, हेडसेट वर सरकवून पिऊ दे. चष्मा सारखा करू दे, मान खाजवू दे, घड्याळ बघू दे. दहा-दहा मिनिटं हातांचे बिंदू रेकॉर्ड कर. हा तुझा पंधरावा वर्ग, 'वरीलपैकी एकही नाही', आणि तोच सगळ्यांत मोठा ठेव. मग प्रत्येक बदलानंतर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला पुन्हा वाचायला दे आणि एकच आकडा बघ: दहा मिनिटांत किती वेळा ते उगीच बोललं. कलंडवण्याच्या क्रियेसाठी तो शून्य झाल्याशिवाय कुपवाडला परत जाऊ नको. बाकी बटणांसाठी एखाददुसरी चूक लोक सोडून देतात, मेनू उघडला तर हसतात.

पहिलं रेकॉर्डिंग स्वतःच्या हातांचं कर. मी केलं होतं. तेव्हा कळलं की बोलताना 'अगदी बारीक गोष्ट आहे' असं म्हणायच्या आधी मी दर वेळी हवेत चिमूट धरतो. एका डेमोत माझ्याच या सवयीनं पाहुण्यांसमोर फाइल तीनदा डिलीट झाली होती आणि मी दोष हेडसेटला देत बसलो होतो.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारतीलच, चौदा खुणांच्या तीन कशा झाल्या. त्यांना हेडसेट लाव, 'एक मिनिट थांबा हं सर' म्हण, आणि त्यांचे हात काय करतात ते शेजारच्या मॉनिटरवर जुन्या आवृत्तीत चालू दे.